नाटक बसते तालमीत, शिक्का बसतो संहितेवर

नवे मराठी नाटक उभे करणाऱ्या संस्थेला दोन वेळापत्रके सांभाळावी लागतात. एक तालमीचे: वाचन, पात्रयोजना, प्रवेश बसवणे, रंगीत तालीम. दुसरे कागदाचे: नाट्यगृहाची तारीख, जाहिरात आणि या सगळ्याआधी संहितेला परिनिरीक्षणाचे, म्हणजे सरकारी मंडळाने ती आधी वाचून दिलेले, मान्यतापत्र. तालमीत संहिता शुभारंभाच्या आदल्या दिवसापर्यंत बदलत राहते. मान्यतापत्रासाठी मात्र ती कधीच पूर्ण झालेली असावी लागते. ही ओढाताण आली कुठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. फार मागे नाही.

१८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले त्यात आजच्या अर्थाने संहिता नव्हतीच. पदे सूत्रधार म्हणे आणि नट प्रसंगावर बेतून बोलत. लिहून काढलेले, पाठ करायचे नाटक रुळायला पुढे दोनेक दशके गेली. ते रुळल्यावरही ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले ते चारच अंकांचे. सातही अंक नंतर झाले. अर्धे नाटक लोकांपुढे ठेवायचे आणि उरलेले मागाहून रचायचे, यात कोणाला वावगे वाटले नाही. नाटककार कंपनीतलाच, तालीम घेणाराही तोच, त्यामुळे नाटक कधी पूर्ण झाले हे ठरवणे कंपनीच्याच हातात होते.

१८७६ चा नाट्यप्रयोग कायदा तोवर आला होता, पण त्याचा भर बंदीवर होता. ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. मधल्या काळात ते लोकांनी पाहिले होते. त्यांना त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे कळले होते, म्हणून तर सरकारलाही कळले.

स्वातंत्र्यानंतर क्रम उलटला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातले कलम ३३ सार्वजनिक करमणुकीच्या प्रयोगांसाठी नियम करण्याचा अधिकार देते. त्या आधारावर पन्नाशीच्या दशकात संहिता आधी वाचून मान्यता देण्याची व्यवस्था घट्ट झाली. राज्य नाट्यस्पर्धाही त्याच दशकातली. गावोगावच्या हौशी संस्थांना नवे नाटक बसवण्याचे निमित्त या स्पर्धेने दिले, हे नाकारता येणार नाही. नवा लेखक, नवा दिग्दर्शक, पहिल्यांदा तोंडाला रंग लावणारे नट, सगळे तिथून आले. पण स्पर्धेच्या अर्जाला मान्यताप्राप्त संहिता लागते. म्हणजे तालमी धड सुरू होण्याआधीच नाटकाची एक प्रत ‘अंतिम’ ठरते. आधी लिहून संपवायचे, मग बसवायचे, ही सवय हौशी रंगभूमीला लागली त्यात या अर्जाचा वाटा मोठा आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही.

या व्यवस्थेच्या बाजूनेही बोलता येते. मान्यतापत्र हातात असले की एखाद्या गावी कोणी प्रयोग बंद पाडायला आले तर निर्माता ते पोलिसांपुढे धरू शकतो. व्यावसायिक निर्मात्यांमधले अनेकजण म्हणूनच या पद्धतीविरुद्ध कधी फारसे बोलले नाहीत. नाटक वाढवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हे संरक्षण महाग पडते, कारण कागदावर जे दिसते त्याचेच परीक्षण होते. १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे उदाहरण घ्या. त्याची निम्मी गंमत त्या त्या दिवसाच्या राजकारणावर ऐनवेळी मारलेल्या कोपरखळ्यांत होती. त्या कोणत्या प्रतीत आगाऊ लिहून द्यायच्या? मान्य झालेली संहिता आणि रोज रात्री होणारे नाटक या तिथे दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते.

१९७२ मध्ये हा प्रश्न दोनदा समोर आला. ‘सखाराम बाइंडर’मध्ये ३२ ठिकाणी कात्री सुचवली गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. निकालाचे कौतुक आजही होते. मात्र त्या नाटकापुरता दिलासा मिळाला तरी संहिता आधी दाखवण्याची रीत गेली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ आले. त्याचे काही कागद नुसते वाचले तर गाणी, भजन, किरकोळ संवाद यापलीकडे हाती फार लागत नाही. रांगेत उभ्या नटांची माणसांची भिंत हलते, वळते, पाठ फिरवते तेव्हा नाटक होते, आणि ती भिंत तालमीत लय सापडेपर्यंत उभी राहत नाही. ते नाटक आधी थांबवले ते सरकारी मंडळाने नव्हे, तर ते बसवणाऱ्या संस्थेनेच, १९ प्रयोगांनंतर. मग नाटक करणारी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी दुसरी संस्था काढली. नवे नाटक कोणाचे, लेखकाचे, ते बसवणाऱ्या गटाचे की संस्थेच्या कार्यकारिणीचे, हा वाद मराठीत इतक्या उघडपणे आधी क्वचितच झाला असेल.

१९७४ पासून दादरच्या एका शाळेच्या सभागृहात छोट्या प्रेक्षकवर्गापुढे नाटके होऊ लागली आणि नाटक ‘पिकवण्याला’ निदान जागा मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पुण्यातल्या एका संस्थेने परदेशी अर्थसाहाय्यावर नाटककारांसाठी स्वतंत्र योजना राबवली. २००० नंतर लंडनच्या एका नाट्यगृहाच्या सहभागाने मुंबईत लेखकांच्या कार्यशाळा झाल्या आणि त्यांत मराठी लेखकही होते. पहिला खर्डा, त्यावर चर्चा, दुसरा खर्डा, नटांकडून वाचन, मग पुन्हा खर्डा, ही पद्धत तिथून अनेकांनी उचलली. ती बाहेरून आली असे म्हणण्याची फॅशन आहे. चार अंकांवर शाकुंतल सुरू करणाऱ्यांना ती नवी वाटली नसती. फरक एवढाच की आता लेखक आणि दिग्दर्शक बहुधा वेगळे असतात, आणि तालमीत बदललेल्या वाक्यावर हक्क कोणाचा हे आधी बोलून घ्यावे लागते.

संहितेच्या पूर्वपरीक्षणाला २०१६ मध्ये एका ज्येष्ठ अभिनेता-दिग्दर्शकाने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. पुढे २०१८ मध्ये केंद्राने १८७६ चा कायदा कालबाह्य कायद्यांच्या यादीत घालून रद्द केला, तेव्हा नाटकाची सेन्सॉरशिप संपली असा अनेकांचा समज झाला. पण संहिता मागवली जाते ती १९५१ च्या पोलीस कायद्याखालच्या नियमांमुळे, आणि त्याला या रद्दबातलीचा धक्का लागला नाही. त्यामुळे नवी संस्था आजही पुष्कळदा तिसरा-चौथा खर्डा टंकून मंडळाकडे पाठवते आणि त्याच संध्याकाळी तालमीत दुसऱ्या अंकाचा शेवट बदलायला बसते.