पत्ता २२०, उत्तर एए

आयबीएम पीसी १९८१ मध्ये आला तेव्हा त्याच्यात आवाजासाठी एक छोटा स्पीकर होता, बस्स. टायमर चिप त्याला ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढंच सांगायची, म्हणून बाहेर पडायची ती पीं-पीं.

१९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरातून अ‍ॅडलिब हे पीसीत बसवायचं ध्वनिकार्ड आलं. ते काढणारे मार्टिन प्रेव्हेल संगीताचे प्राध्यापक होते. कार्डावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती. एका ध्वनिलहरीनं दुसरीची कंप्रता भराभर हलवायची, की साध्या लहरीतून घंटेसारखे, पितळी वाद्यासारखे सूर निघतात, हे स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये हेरलं होतं. ही चिप तेच करायची, एका वेळी ९ सुरांपर्यंत. मात्र माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची सोय त्यात नव्हती.

ती उणीव सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं १९८९ च्या साउंड ब्लास्टरमध्ये भरून काढली. ८ बिटचा, म्हणजे २५६ पायऱ्यांचा आवाज, माइक लावायची जागा, जॉयस्टिकचं पोर्ट, सगळं एकाच कार्डावर. आणि जोडीला यामाहाची तीच चिप! अ‍ॅडलिबसाठी लिहिलेले गेम पहिल्या दिवसापासून चालले. माझ्या मते कंपनीचा सर्वांत शहाणा निर्णय हाच होता.

कारण डॉसमध्ये, म्हणजे पीसीच्या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, आवाजासाठी सामाईक ड्रायव्हर, म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, नव्हता. प्रत्येक गेम थेट कार्डाशी बोलायचा, आणि आधी कार्ड आहे का हे स्वतःच चाचपायचा. कार्डाचा नेहमीचा पत्ता, १६ च्या पायावरच्या मोजणीत (तिथे दहाला ‘ए’ लिहितात), २२०. गेम २२६ वर १ लिहायचा, तीन मायक्रोसेकंद थांबायचा, मग ० लिहायचा. काही क्षणांत २२ए वर ‘एए’ वाचायला मिळालं, की ओळख पटली. एए म्हणजे दोनच्या पायावर १०१०१०१०. ‘साउंड ब्लास्टर कंपॅटिबल’ असं खोक्यावर छापणाऱ्या प्रत्येक कार्डाला हे उत्तर द्यावंच लागे. आवाज कितीही गोड असला तरी त्याची पाळी नंतरची.

ओळख पटली तरी भांडणं संपत नसत. डीएमए वाहिनीवरून, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीतून, आवाजाचा एक तुकडा कार्डाकडे जायचा. तो वाजून झाला की कार्ड आयआरक्यूच्या तारेवरून प्रोसेसरला हाक मारायचं. सुरुवातीच्या कार्डांची तार होती ७, आणि प्रिंटरचं पोर्टही तीच वापरायचं. गेमला तारेचा क्रमांक चुकीचा सांगितला तर हाक ऐकायला कुणीच नाही. मग पहिला तुकडा वाजून शांतता, नाहीतर तोच तुकडा पुन्हा पुन्हा. उपाय म्हणजे पीसी उघडायचा, कार्डावरची नखाएवढी प्लास्टिकची टोपी, म्हणजे जंपर, चिमटीत धरून काढायची आणि शेजारच्या पिनांवर बसवायची. पुढच्या कार्डांनी ५ ही तार धरली ती याच त्रासापायी.

१९९२ च्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडची गोष्ट मला अजून चटका लावते. खऱ्या वाद्यांचे नमुने स्वतःच्या मेमरीत ठेवून ३२ सूर एकदम वाजवणारं कार्ड! ऐकायला ते कितीतरी सरस होतं. पण यामाहाची चिप त्यावर नव्हती. साउंड ब्लास्टरची नक्कल सॉफ्टवेअरनं करावी लागे आणि बऱ्याच गेममध्ये ती फसायची.

आज डॉसबॉक्सवर, म्हणजे जुन्या डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, जुना गेम लावा. कार्ड नाही, जंपर नाही, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये आधीपासूनच लिहिलेलं असतं: पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. गेम २२६ वर १ आणि मग ० लिहितो, आणि त्याला एए मिळतं.