अणुभट्टीतील निकेल जोडधातू

अणुभट्टीत न जुळणारे धातू एकमेकांना जोडण्यासाठी वेल्डिंगमध्ये भरले जाणारे निकेल-क्रोमियम-लोह मिश्रधातू. दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीत दाबपात्र आणि त्याची तोंडे, म्हणजे नॉझल, कमी मिश्रणाच्या जाड पोलादाची असतात. त्यांना जोडायच्या मुख्य नळ्या बहुधा स्टेनलेस पोलादाच्या. या दोहोंमधला सांधा निकेल जोडधातूने भरतात. दाबपात्राच्या झाकणातून आरपार जाणाऱ्या नियंत्रण-दांड्यांच्या नळ्या आतल्या बाजूने याच धातूने जोडल्या जातात आणि वाफजनित्राच्या नळीपट्टीवर, म्हणजे नळ्यांची टोके बसवलेल्या जाड पोलादी पट्टीवर, त्याचाच थर चढवतात.

निकेल निवडण्यामागे दोन कारणे आहेत. तापमान एक अंशाने वाढले की एक मीटर लांबीचे कमी मिश्रणाचे पोलाद सुमारे १३ मायक्रोमीटर प्रसरण पावते, स्टेनलेस १७ ते १८ आणि निकेल मिश्रधातू १४ ते १५. म्हणजे ७५ सेंमी व्यासाची नळी ३०० अंशांनी तापली, तर दोन पोलादांच्या व्यासवाढीत जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक पडतो. हा फरक सांध्यालाच सोसावा लागतो आणि मधला निकेल तो दोन टप्प्यांत वाटून घेतो. दुसरे कारण कार्बनचे. पोलादाला थेट स्टेनलेसचा जोड दिला, तर तापमानामुळे पोलादातला कार्बन क्रोमियमकडे सरकतो. सीमेच्या एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला कडक पट्टा तयार होतो. निकेलमध्ये कार्बनची ही हालचाल बरीच मंदावते.

जोडधातूंच्या दोन पिढ्या आहेत. पहिलीत ८२ क्रमांकाची तार (क्रोमियम १८ ते २२ टक्के) आणि १८२ क्रमांकाचा लेप असलेला इलेक्ट्रोड (क्रोमियम १३ ते १७ टक्के) येतात. हे ६०० क्रमांकाच्या निकेल मिश्रधातूच्या भागांचे सोबती. दुसऱ्या पिढीतल्या ५२ व ५२एम या तारा आणि १५२ हा इलेक्ट्रोड ६९० क्रमांकाच्या मिश्रधातूसोबत वापरतात. त्यांत क्रोमियम २८ ते ३१.५ टक्के असते. पहिली पिढी वेल्डरच्या हाताला सोपी, पण पाण्यात तडकते. दुसरी पाण्यात टिकते, पण वेल्डिंग करतानाच तडकू पाहते. या विषयातला बहुतेक खटाटोप या अदलाबदलीभोवतीच फिरतो.

पाण्यात पडणाऱ्या तड्यांचा इशारा फार लवकर मिळाला होता. ६०० क्रमांकाचा मिश्रधातू ३५० °से. तापमानाच्या शुद्ध पाण्यातही ताणाखाली तडकतो, असे फ्रान्समध्ये आंरी कोरियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवले. उद्योगाने तो निष्कर्ष बराच काळ मनावर घेतला नाही. १९९१ मध्ये फ्रान्सच्या ब्युजे-३ अणुभट्टीच्या दाबचाचणीत झाकणातली एक नळी गळताना आढळली. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातील व्ही. सी. समर अणुभट्टीत मुख्य गरम नळीच्या, म्हणजे तापलेले पाणी दाबपात्रातून बाहेर नेणाऱ्या नळीच्या, सांध्याला आरपार तडा गेला. अणुभट्टीच्या पाण्यात मिसळलेले बोरिक आम्ल झिरपून बाहेर साचले आणि त्याच्या पांढऱ्या थरामुळे तो लक्षात आला. २००२ मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी येथे झाकणातल्या एका नळीच्या तड्यातून झिरपलेल्या बोरिक आम्लाने झाकणाचे सुमारे १५ सेंमी पोलाद खाऊन टाकले. आतला दाब रोखायला उरले ते जेमतेम एक सेंमी जाडीचे स्टेनलेस अस्तर.

असा तडा पडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: कमी क्रोमियमचा धातू, उष्ण पाणी आणि ओढताण. तापमानाचा परिणाम मोठा असतो. म्हणून सुमारे ३४५ °से. ला चालणाऱ्या दाबनियंत्रक टाकीचे सांधे आधी तपासतात आणि पाणी दाबपात्रात परत आणणाऱ्या, २९० अंशांच्या आसपासच्या थंड नळीचे नंतर. १८२ मध्ये तडा ८२ च्या सुमारे अडीचपट वेगाने वाढतो. ओढताण मात्र बाहेरच्या भारापेक्षा वेल्डिंगमधूनच अधिक येतो. समरचा तो सांधा बांधणीच्या वेळी वारंवार दुरुस्त केलेला होता. आतल्या बाजूने खरवडून पुन्हा भरलेला भाग आवळतो आणि पाण्याला टेकलेला पृष्ठभाग कायमचा ताणात राहतो. आतून केलेली दुरुस्ती नोंदवहीत दिसली, की त्या सांध्याकडे संशयानेच पाहावे.

नॉझलचा सांधा एका दमात भरत नाहीत. प्रथम पोलाद साधारण १२० ते १५० °से. पर्यंत तापवून त्याच्या तोंडावर निकेलचे अनेक थर चढवतात. याला बटरिंग म्हणतात. मग नॉझल सुमारे ६०० ते ६२० °से. ला काही तास ठेवतात, म्हणजे पोलादातला वेल्डिंगमुळे कडक झालेला पट्टा मऊ पडतो. थर तपासून, यंत्रावर कापून, त्याला बेव्हल, म्हणजे तिरकी कड, देतात आणि त्यानंतरच स्टेनलेसचा छोटा तुकडा, म्हणजे सेफ एंड, जोडतात. या शेवटच्या जोडाला उष्णता-उपचार देत नाहीत, कारण ६०० अंशांवर स्टेनलेसच्या कणसीमांवर, म्हणजे धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमांवर, क्रोमियम कार्बाइड बसते आणि तो गंजाला बळी पडतो. नव्या जोडाची उष्णता खालच्या पोलादापर्यंत पोहोचू नये, इतकी बटरिंगची जाडी कापल्यानंतरही उरली पाहिजे. इथे दोन मिलिमीटर वाचवायला गेले, तर सगळा उपचार वाया जातो.

वितळलेले निकेल दाट असते. ते पोलादासारखे पसरत नाही आणि खोलही जात नाही. करंट वाढवून ते पळत नाही; उलट धातू जास्त तापतो आणि तडे वाढतात. म्हणून बेव्हल रुंद ठेवतात, मुळाची जाडी कमी ठेवतात, बीड, म्हणजे वेल्डची एकेक रेघ, किंचित फुगीर घालतात आणि दोन पासांमधले, म्हणजे वेल्डच्या दोन फेऱ्यांमधले, तापमान साधारण १७५ °से. च्या वर जाऊ देत नाहीत. बीड संपवताना करंट हळूहळू उतरवून टोकाचा खड्डा भरावा लागतो. आर्क तशीच तोडली की खड्ड्यात तारेसारखा तडा हमखास सापडतो. प्रत्येक पासानंतर वरचा काळपट थर घासून काढणे ही केवळ टापटीप नाही. निकेल ऑक्साइड १,९०० अंशांच्याही वर वितळते, तर खालचा धातू १,४०० च्या आत. ऑक्साइड तसेच राहिले, तर पुढचा पास त्याच्यावरून सरकतो आणि मध्ये न जुळलेली फट राहते. ग्रीस, मार्कर, तापमान-खडू यांतले गंधक आणि शिसेही घातक. साध्या पोलादावर वापरलेले ग्राइंडिंगचे चाक निकेलला लावू नये.

जास्त क्रोमियमच्या तारांत दोन प्रकारचे तडे त्रास देतात. पहिला गरम तडा: गोठताना उरलेला गंधक, फॉस्फरस, सिलिकॉन व निओबियम यांचा सहज वितळणारा पातळ पडदा कणसीमांवर राहतो आणि आकसताना तिथेच फाटतो. जुन्या, जास्त गंधकाच्या स्टेनलेसवर ५२एम थेट चढवले की हे हटकून घडते. म्हणून आधी योग्य स्टेनलेस तारेचा मधला थर घालतात. दुसरा तडा घन अवस्थेतला. साधारण ७०० ते १,१०० °से. च्या पट्ट्यात धातूची लवचीकता अचानक घसरते आणि लांब, सरळ कणसीमा वरच्या पासांच्या ओढीने उघडतात. मूळ ५२ ला हाच रोग होता. ५२एम मध्ये ०.५ ते १ टक्का निओबियम घातल्यावर त्याचे कार्बाइड कणसीमांना अडवून वेड्यावाकड्या ठेवतात. ५२एमएसएस या तारेत आणखी निओबियम आणि ३ ते ५ टक्के मॉलिब्डेनम असते. तिथे घन तडा जवळजवळ थांबतो, पण वाढलेले निओबियम गरम तड्याला वाव देते.

ध्वनिलहरी सोडून केली जाणारी तपासणीही सोपी नाही. गोठलेल्या निकेलचे लांब, खांबासारखे कण ध्वनिलहरींना वाकवतात आणि विखुरतात. साध्या पोलादावर शिकलेला तपासनीस इथे चकतो. जुन्या सांध्यांवर बाहेरून ५२एम चा जाड वेढा चढवणे हा रुळलेला उपाय आहे. वेढा आकसताना आतला पृष्ठभाग दाबात येतो आणि उरलेला ताण पेलायला नवी भिंतही मिळते. खालच्या धातूत मिसळून पहिल्या थरातले क्रोमियम घटते. ते किमान २४ टक्के न भरल्यास दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीत तो थर हिशेबाच्या जाडीत धरत नाहीत. जपानमध्ये पाण्याच्या जोरदार झोताने पृष्ठभाग ठोकून दाबात आणण्याची पद्धतही वापरात आहे.

भारतात या सांध्यांचे चित्र अणुभट्टीच्या प्रकारानुसार बदलते. तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. त्याच आवारातल्या तिसऱ्या व चौथ्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत मुख्य नळ्या कार्बन पोलादाच्या असतात. इंधन ठेवायच्या झिर्कोनियमच्या दाबनळ्या टोकाच्या स्टेनलेस फिटिंगमध्ये फुगवून घट्ट बसवतात, वेल्ड करत नाहीत. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात स्टेनलेस व क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादामध्ये ८०० क्रमांकाचा लोह-निकेल-क्रोमियम मिश्रधातू घालून तीन धातूंच्या जोडाचा अभ्यास झाला आहे. त्यात ८०० आणि क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद यांच्यामधला सांधा निकेल जोडधातूने भरतात.