बॅकपास बंद झाला तेव्हाचा श्मायकेल

१९९२ च्या जूनमध्ये डेन्मार्कने युरोपचं अजिंक्यपद पटकावलं, ही गोष्ट फुटबॉलवेड्यांना तोंडपाठ आहे. संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले, त्यांचा संघ स्वीडनमधल्या स्पर्धेतून बाद झाला आणि पात्रता गटात दुसऱ्या आलेल्या डेन्मार्कला ऐनवेळी बोलावणं गेलं. समुद्रकिनाऱ्यावर लोळत पडलेले खेळाडू गोळा करून आणले, हे त्यातलं तिखटमीठ. एका सराव सामन्यासाठी संघ जमणारच होता. पण तयारी अपुरी होती हे खरं, आणि प्रशिक्षक रिचर्ड मोलर निल्सन यांच्याशी न पटल्यामुळे मायकेल लाउड्रुपसारखा मोहरा बाहेर बसला होता. मग मदार आली ती गोलरक्षकावर. पीटर श्मायकेल तेव्हा २८ वर्षांचा होता.

तो मोठ्या फुटबॉलमध्ये तसा उशिराच आला. जन्म १८ नोव्हेंबर १९६३ चा, कोपनहेगनला लागून असलेल्या ग्लाडसाक्सेचा. वडील पोलंडहून आलेले जाझ वादक, आई डॅनिश परिचारिका. स्थानिक क्लबात खेळताना पोटासाठी कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम केलं, साफसफाई केली. सासऱ्यांबरोबर घराघरांत गालिचे बसवण्याचं कामही करून पाहिलं, पण त्या धिप्पाड देहाचं वजन गुडघ्यांना पेलेना. १९८४ मध्ये तो ह्विडोव्हरे क्लबात गेला आणि १९८७ मध्ये ब्रोंडबीत. तिथे पाच हंगामांत चार वेळा डेन्मार्कचं विजेतेपद मिळालं. १९९१ मध्ये ब्रोंडबीने यूएफा कपच्या उपांत्य फेरीपर्यंत धडक मारली. रोममध्ये अगदी शेवटी रोमा क्लबच्या रूडी फोलरने गोल केला नसता तर अंतिम फेरीही गाठली असती. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने त्याला ५ लाख ५ हजार पौंडांत घेतलं. युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन पुढे या व्यवहाराला शतकातला सर्वांत स्वस्त सौदा म्हणत, आणि त्यात मला अतिशयोक्ती दिसत नाही.

त्याची शैली समजून घ्यायची तर फुटबॉलचं मैदान सोडून हँडबॉलच्या कोर्टावर जावं लागतं. आपल्याकडे हँडबॉल शालेय स्पर्धांच्या पलीकडे फारसा दिसत नाही. डेन्मार्कमध्ये हिवाळ्यात बंदिस्त सभागृहांत तो घरचा खेळ आहे, आणि श्मायकेल लहानपणी तोही खेळला. हँडबॉलचा गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच, फटका येतो जेमतेम ६ मीटरवरून. तिथे सूर मारायला सवडच नसते. गोलरक्षक पुढे सरसावतो आणि हात-पाय चारी दिशांना फेकून फटक्याची वाट अडवतो. श्मायकेलने हेच फुटबॉलमध्ये आणलं. एकटा स्ट्रायकर अंगावर आला की तो उडी मारून पसरायचा, आणि समोरच्याला गोल दिसेनासा व्हायचा. त्याची लांब फेकही त्याच घराण्यातली: कॉर्नर झेलला की दुसऱ्या क्षणी हाताने थेट मध्यरेषेपर्यंत, धावत सुटलेल्या गिग्ज किंवा कांचेल्स्कीस या विंगर्सच्या दिशेने. युनायटेडचे कितीतरी प्रतिहल्ले असे सुरू झाले.

१९९२ च्या स्पर्धेत उपांत्य सामना नेदरलँड्सशी २-२ असा सुटला आणि पेनल्टींवर गेला. दहा पेनल्टींपैकी एकच हुकली, ती मार्को व्हॅन बास्टनची, श्मायकेलने अडवलेली. २६ जूनला गोथेनबर्गमध्ये जर्मनीविरुद्ध येन्सन आणि विल्फोर्टने गोल केले, क्लिन्समनचे प्रयत्न श्मायकेलने परतवले. पण त्या सामन्याचं चित्रण आज पाहिलं तर वेगळीच गोष्ट खटकते. डॅनिश बचावपटू चेंडू मागे गोलरक्षकाकडे देतो (हाच बॅकपास), श्मायकेल तो हातात उचलतो, जवळच्या सहकाऱ्याकडे सरकवतो, चेंडू पुन्हा त्याच्याकडेच, पुन्हा हातात. घड्याळ पुढे सरकत राहतं. नियमात बसणारं होतं सगळं, आणि १९९० च्या रटाळ विश्वचषकात तर अनेक संघांनी हेच केलं होतं.

त्यावर इलाज आला तो त्याच उन्हाळ्यात. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेतला तर प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक. युरोपचा विजेता गोलरक्षक सुट्टी संपवून परतला तेव्हा त्याच्या कामाचं स्वरूपच बदललं होतं, आणि इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू होत होती. भलेभले गोलरक्षक त्या वर्षी चेंडू पायाशी आला की गांगरायचे. श्मायकेल निभावून गेला, कारण त्याचं मूळ भांडवल हातातला चेंडू दडवून ठेवण्याचं नव्हतंच, ते अंगावर चालून जाण्याचं आणि झटपट फेकण्याचं होतं. पहिल्याच हंगामात युनायटेडने २६ वर्षांनी लीग जिंकली. त्याच्या काळात अशी पाच विजेतेपदं आली.

जीभही तशीच तिखट. आपल्याच बचावपटूंवर तो अखंड ओरडायचा. जानेवारी १९९४ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध ३-० ची आघाडी घालवून सामना ३-३ झाला, तेव्हा त्याचं फर्ग्युसनशी इतकं वाजलं की नोकरी जायची वेळ आली. त्याने सहकाऱ्यांपुढे माफी मागितली, ती फर्ग्युसनच्या कानावर पडली आणि प्रकरण मिटलं.

१९९९ चा, युनायटेडमधला शेवटचा हंगाम सगळ्यांना आठवतो तो बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानावरच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यामुळे. कर्णधार कीन निलंबित, म्हणून श्मायकेल कर्णधार. बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाई वेळेत ०-१ अशी पिछाडी असताना तो कॉर्नरसाठी पलीकडच्या गोलसमोर पोहोचला, आणि त्याच धांदलीत शेरिंगहॅमने बरोबरी साधली. माझ्या मते मोठी कामगिरी त्याआधीची, १४ एप्रिलला व्हिला पार्कवरची. एफए कपच्या उपांत्य फेरीत आर्सेनलशी बरोबरी, युनायटेडचे दहाच खेळाडू, आणि भरपाई वेळेत बर्गकॅम्पची पेनल्टी. ती त्याने डावीकडे झेपावून अडवली नसती तर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असा तिहेरी मुकुट तिथेच संपला असता.

पुढे लिस्बनच्या स्पोर्टिंगला त्याने १८ वर्षांनी पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं. ॲस्टन व्हिलाकडून २००१ मध्ये एव्हर्टनविरुद्ध गोल केला, प्रीमियर लीगमधला गोलरक्षकाचा पहिलाच. सामना मात्र ३-२ असा गमावला. मँचेस्टर सिटीत एक हंगाम खेळून २००३ मध्ये तो थांबला. डेन्मार्कसाठी १२९ सामने झाले होते.

मुलगा कॅस्पर १९८६ चा, म्हणजे गोलरक्षण शिकला ते बॅकपासबंदीनंतरच. वडिलांना मध्येच जुळवून घ्यावं लागलेलं पायाचं काम त्याच्यासाठी पहिल्यापासूनच धंद्याचा भाग होतं. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने लीग जिंकली तेव्हा तो सर्वच्या सर्व ३८ सामने खेळला. २०१८ च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध त्याने मॉड्रिचची पेनल्टी जादा वेळेत अडवली, नंतर शूटआउटमध्ये आणखी दोन. तरी डेन्मार्क हरलं.