सराफ्यातला अकरावा गण

इंदूरच्या सराफ्यात रात्री गराडू (तळलेला कंद) खायला गर्दी करणारे पुष्कळ. दिवसा तिथल्या सोनारापुढे असलेले तीन धातू, तांबे, चांदी आणि सोने, आवर्तसारणीत एकाखाली एक बसलेत, हे मात्र फार कुणाच्या ध्यानात येत नाही. शाळेत आपण सारणी आडवी पाठ केली. तिची खरी गंमत उभी वाचण्यात आहे.

अकराव्या गणात, म्हणजे सारणीच्या अकराव्या उभ्या रांगेत, तांब्याचा अणुक्रमांक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या, २९. चांदीचा ४७, सोन्याचा ७९. तिघांच्याही बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिघेही विजेचे उत्तम वाहक.

आता वजाबाकी करा. २९ ते ४७ अंतर १८, पण ४७ ते ७९ थेट ३२. जास्तीचे १४ आले कुठून? सारणीखाली वेगळी छापलेली लँथॅनाइडांची पट्टी खरे तर इथे मध्येच येते. कागदावर मावत नाही म्हणून ती खाली. या चौदा घरांत केंद्रकाचा भार वाढत जातो, आणि तिथे भरणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्यांना त्या ओढीपासून नीट झाकत नाहीत. अणू आवळला जातो. एक ओळ खाली उतरूनही सोन्याचा अणू जवळजवळ चांदीएवढाच राहतो, म्हणून चांदी सोन्यात सहज मिसळते. तांब्याचा अणू लहान. तो रचनेत खटकतो आणि दागिन्याला कडकपणा आणतो.

शेजारचा बारावा गण उडाणटप्पू. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, कॅडमिअम ७६७ला, पारा ३५७ला. सोने नुसते वितळायलाच १०६४ अंश लागतात. डाग, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडणारा मिश्रधातू, लवकर वितळावा म्हणून सोनार त्यात कॅडमिअम घालत, तेच ‘केडीएम’. त्याची विषारी वाफ जायची कारागिराच्या फुप्फुसात. पुढे त्याच्या जागी त्याच गणातले जस्त आले.

दागिना न कापता त्यातले कॅडमिअम ओळखता येते. क्ष-किरणांचा मारा केला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडते. ही ऊर्जा अणुक्रमांकावर ठरते, हे हेन्री मोझली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये दाखवले. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८६९ साली अणुभाराचा क्रम सोडून, गुणधर्म पाहून जड टेल्युरिअमला हलक्या आयोडिनच्या आधी बसवले होते. ते पुढे ५२ आणि ५३ या अणुक्रमांकांनी बरोबर ठरले. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, अवघ्या २७ व्या वर्षी. दागिन्यांचा कस सांगणारी यंत्रे त्याच्याच नियमावर चालतात, आणि इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्राच्या) क्ष-किरणांनी नमुन्यातली अगदी किंचित प्रमाणातली मूलद्रव्येही याच रीतीने शोधतात.