दहीबडा उडवणे (सराफा, इंदूर)

इंदूरच्या सराफा बाजारात भरलेला द्रोण हवेत फेकून, न सांडता झेलून, मगच गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची रीत. ओमप्रकाश जोशी यांच्यामुळे ती प्रसिद्धीस आली आणि ‘जोशी दहीबडा’ हे नाव देशभर पोचले. टीव्हीवरच्या खाद्यभ्रमंतीच्या कार्यक्रमांनी आणि पुढे मोबाइलवरच्या चित्रफितींनी त्यांना एखाद्या नटासारखे वलय दिले.

सराफा राजवाड्याला लागूनच. दिवसा इथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री आठ-नऊला पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर खाण्याची दुकाने मांडली जातात, ती मध्यरात्र उलटली तरी चालू असतात. रात्री वर्दळ राहिली तर पेढ्या सुरक्षित, म्हणून सराफांनीच याला उत्तेजन दिले, असे सांगतात.

बडा उडदाच्या डाळीचा. तळून पाण्यात भिजवायचा, दाबून पाणी काढायचे, द्रोणात ठेवून वर घट्ट, गोडसर दही ओतायचे. मग द्रोण वर! दही पातळ असेल तर हा खेळ जमत नाही. द्रोण न कलता, न फिरता सरळ वर गेला पाहिजे. तो सरळ राहिला तर दही त्याच्यासोबतच वर जाते आणि खाली येते. खरी परीक्षा झेलताना. हात जागीच रोखून धरला तर धक्का बसून दही उसळते, म्हणून पडत्या द्रोणाबरोबर हातही खाली न्यावा लागतो.

कॅमेरे टिपतात ते हेच. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र जोशींची खरी करामत त्यानंतरची आहे: मीठ, तिखट, जिरेपूड असे वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत धरायचे आणि दह्यावर एकेक करून वेगळे सोडायचे. उडवण्याने चवीत काडीचा फरक पडत नाही. मसाला कुठे किती पडला याने पडतो.

होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक असलेल्या मराठी घरांत पुण्या-नागपूरचे पाहुणे आले की राजवाडा संध्याकाळी आणि सराफा रात्री, हा क्रम ठरलेला. जेवण मुद्दाम बेताचे करतात, कारण दहीबड्यानंतर भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटिस, जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरलेली साबुदाण्याची खिचडी, ताटाएवढा जलेबा हे सगळे उरलेलेच असते. पाहुणे थंडीत आले तर तळलेला गराडूही मिळतो. कोनफळाच्या जातीचा हा कंद उन्हाळ्यात मागून उपयोग नाही.