बर्लिनच्या काचघरात सापडलेलं ब्राझील

नर्सरीत चक्कर मारली की हेलिकोनिया, फिलोडेंड्रॉन, कलॅथिया ही नावं कानावर पडतातच. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘शोची झाडं’ म्हणतात. सोसायटीच्या गेटजवळ, हॉटेलच्या लॉबीत, लग्नाच्या हॉलबाहेर ती उभी असतात. त्यांच्या कितीतरी जाती ब्राझीलच्या रानात आपसूक वाढतात, आणि शंभर वर्षांपूर्वी तिथल्या श्रीमंतांच्या बागेत त्यांना जागा नव्हती. तिथे गुलाब हवे असत, कातरलेली कुंपणं हवी असत, थोडक्यात युरोप हवा असे. हे चित्र पालटवण्यात ज्याचा सर्वांत मोठा वाटा, तो लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे रॉबेर्तो बुर्ले मार्क्स. त्याच्या रिओजवळच्या राहत्या जागेला, ‘सीतिओ’ला, 2021 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यामागची ही गोष्ट.

जन्म 4 ऑगस्ट 1909, साओ पावलोचा. वडील जर्मन ज्यू, आई ब्राझीलच्या ईशान्येकडच्या पेर्नांबुकोमधली. आईला संगीताचं आणि बागेचं वेड. घरात मुलांना सांभाळणाऱ्या बाईंनी त्याला बी पेरायला शिकवलं. पुढे कुटुंब रिओला आलं. 1928 मध्ये रॉबेर्तोच्या डोळ्यांवरच्या उपचारासाठी सगळे जर्मनीला गेले, आणि पोरगं बर्लिनमध्ये गाणं, चित्रं, नाटकं यांत रमलं. तिथल्या डाहलेम भागातल्या वनस्पती उद्यानात तो चित्रं काढायला जाई. बाहेर कडाक्याची थंडी, आत उबदार काचघर, आणि त्या काचघरात सन्मानाने मांडलेली त्याच्याच देशातली झाडं! रिओत जी तण म्हणून उपटली जात, त्यांना इथे नावाची पाटी होती.

काखेत कळसा म्हणावं तर हा कळसा समुद्रापार जाऊन सापडला. पण एक खुलासा आधीच करायला हवा. देशी झाडं बागेत आणणारा तो पहिलाच, असं अनेकदा लिहिलं जातं ते खरं नाही. एकोणिसाव्या शतकात ग्लाझिऊ नावाच्या फ्रेंच माणसाने रिओतल्या सार्वजनिक बागांत ती आणली होतीच. बुर्ले मार्क्सने केलं ते वेगळं: त्या झाडांना त्याने आधुनिक चित्रकलेची भाषा दिली.

रिओला परतल्यावर तो ललित कला विद्यालयात चित्रकला शिकू लागला. आर्किटेक्ट लूसिओ कोस्ता, ज्याने पुढे ब्राझिलिया या नव्या राजधानीचा आराखडा केला, तो त्यांचा शेजारी. घरामागे पोराने लावलेली बाग बघून 1932 मध्ये कोस्ताने त्याला एका घराच्या बागेचं काम दिलं. धंद्याची सुरुवात ही अशी, शेजारधर्मातून.

खरी परीक्षा झाली रेसिफेला, आईच्या पेर्नांबुकोच्या राजधानीत. 1934 मध्ये, पंचविशीतच, तो या शहराच्या उद्यान विभागाचा प्रमुख झाला. कासा फोर्ते चौकात त्याने तळी बांधून अमेझॉनची पाणवनस्पती सोडली. व्हिक्टोरिया या महाकाय कमळाचं पान परातीसारखं, कडा वर वळलेल्या, आणि उलटं करून पाहिलं तर खाली काटेरी शिरांची जाळी. फूल पहिल्या रात्री पांढरं उमलतं, दुसऱ्या रात्री गुलाबी. दुसऱ्या एका चौकात त्याने कातिंगा या कोरड्या, दुष्काळी प्रदेशातले निवडुंग लावले. म्हणजे माणदेशातल्या माळावरची बोरी-बाभळ आणि निवडुंग उचलून कोल्हापूरच्या भर चौकात मांडावा तसं. (आपला फड्या निवडुंगही मूळचा अमेरिका खंडातलाच, ही वेगळी गंमत.) शहरातली शिष्ट मंडळी भडकली. शहराला पुन्हा जंगल करायला निघालाय, अशी टीका झाली. ज्या काटेरी मुलखाची आपल्याला लाज वाटते तो मुद्दाम चौथऱ्यावर चढवला, तर राग येणारच. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीत हाच चौक सर्वांत धीट.

1938 च्या सुमारास रिओतल्या शिक्षण मंत्रालयाच्या नव्या इमारतीसाठी त्याने गच्चीवरची बाग आखली. इमारतीच्या रचनेत कोस्ता, तरुण आर्किटेक्ट ऑस्कर नीमायर आणि सल्लागार म्हणून फ्रान्सचा गाजलेला आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए. बागेचा नकाशा रंगवलेला, अमीबासारखे वाफे, वरच्या मजल्यांवरून बघायचे. हा नकाशा जगभर गाजला आणि त्याने बुर्ले मार्क्सचं थोडं नुकसानही केलं. लोकांनी वळणं उचलली आणि झाडं विसरले. आजही वेलांटीसारखा लॉन कापून दिला की ‘ट्रॉपिकल मॉडर्न’ झालं, असं समजणारे आहेतच.

झाडं त्याच्याकडे आली ती वनस्पतिशास्त्रज्ञांच्या संगतीतून. 1940 च्या दशकात मिनास जेराइस या राज्यात काम करताना मेलो बारेतो हा शास्त्रज्ञ त्याला डोंगरांत घेऊन फिरला. कुठलं झाड कुठल्या खडकावर, कुणाच्या शेजारी, किती उन्हात वाढतं हे बघायचं आणि बागेत ते शेजार मोडायचे नाहीत, ही शिस्त तिथून लागली. एकेका जातीची दोन-चार रोपं शिंपडण्याऐवजी तो पट्टेच्या पट्टे एकाच जातीने भरे. फुलांवर त्याची भिस्त नसे. फुलं आठवड्यात जातात, पानांचा रंग वर्षभर टिकतो.

जमवलेली रोपं ठेवायला जागा हवी, म्हणून 1949 मध्ये भावाबरोबर त्याने रिओच्या पश्चिमेला बारा दि ग्वारातिबा इथे जुनी केळीची बाग विकत घेतली. तीच ही सीतिओ, सुमारे 40 हेक्टरची. तिथलं जुनं चॅपेल त्याने डागडुजी करून उभं केलं, रिओत पाडल्या जाणाऱ्या इमारतींचे घडीव दगड आणून त्यांच्या भिंती रचल्या आणि त्या दगडांच्या फटींत रोपं लावली. शास्त्रज्ञ, शिकाऊ आर्किटेक्ट आणि माळी यांना घेऊन तो मोहिमा काढी. रस्त्यासाठी डोंगर फुटणार असेल तर त्याआधी तिथली झाडं उचलून आणी. साडेतीन हजारांहून जास्त जाती तिथे जमल्या. काही वनस्पतींना शास्त्रज्ञांनी त्याचंच नाव दिलंय. 1985 मध्ये त्याने ही सगळी जागा सरकारला देऊन टाकली.

सरकारशी त्याचं नातं मात्र गुंतागुंतीचं. लष्करी राजवटीत ब्राझिलियामधल्या सेना मंत्रालयाची बाग त्याने केली. त्याच काळात संघीय सांस्कृतिक परिषदेवर बसून जंगलतोडीविरुद्ध भाषणंही दिली. अमेझॉनमधून महामार्ग काढणं हा देशाभिमानाचा विषय होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्याने कामं नाकारायला हवी होती का? असं म्हणणं सोपं आहे. पण कामामुळेच त्याचा शब्द ऐकला जाई, हेही खरं.

कोपाकबानाच्या समुद्रकाठची लाटांची फरसबंदी त्याच्या नावावर खपते, तीही अर्धीच खरी. काळ्या-पांढऱ्या लाटा लिस्बनहून आलेल्या, जुन्या. 1970 मध्ये किनारा आणि रस्ता रुंदावला तेव्हा समुद्राकडची लाट त्याने राखली, मोठी केली. मधला दुभाजक आणि इमारतींकडचा पदपथ मात्र संपूर्ण त्याचा: काळे, पांढरे, तांबूस दगड, हाताने फोडून एकेक बसवलेले, चार किलोमीटर. शेजारच्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून ते एक सलग चित्र दिसतं.

देशी झाडांचा कैवारी म्हणून त्याला सोवळ्यात बसवण्यात अर्थ नाही. झाडांच्या बाबतीत ब्राझील आणि आपण यांचं उसनंपासनं पोर्तुगीज जहाजांपासून चालत आलंय. काजू आणि अननस तिकडून गोव्याला उतरले, आपला फणस तिकडे गेला आणि रिओच्या तिजुका जंगलात इतका माजला की आता तिथे तो उपद्रवी झाड ठरलाय. बुर्ले मार्क्सला हे ठाऊक होतं. म्हणून 1960 च्या दशकात, टेकडी फोडून निघालेल्या मातीने समुद्र बुजवून रिओत फ्लामेंगो पार्क झालं, तेव्हा ब्राझीलच्या झाडांबरोबर त्याने दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला एक ताडही लावला. पंख्यासारखी अवाढव्य पानं असलेला हा तालिपोट. जुन्या पोथ्यांना ज्यांची पानं वापरली जात त्या ताडांपैकी हा एक. त्याच्या टणक बिया आपल्याकडे बजरबट्टू म्हणून बाळाच्या गळ्यात बांधत, दृष्ट लागू नये म्हणून.

तालिपोट आयुष्यात एकदाच फुलतो, तोही कित्येक दशकांनी, आणि फळं पिकली की मरतो. बुर्ले मार्क्स 1994 मध्ये गेला. फ्लामेंगोमधल्या त्या ताडांना अलीकडे तुरे आले. शेंड्यावर पिवळसर फुलोरा, आणि खाली मान वर करून फोटो काढणाऱ्या लोकांची गर्दी.