तोंडी पैकीच्या पैकी, वहीत मात्र दोनच ओळी

दुसरीतलं मूल. चांद्रयानाबद्दल विचारा, दहा मिनिटं थांबणार नाही. तेच पाच ओळींत लिही म्हटलं की आधी पेन्सिलीला टोक, मग पाणी, मग शू. मुलांच्या लिहिण्याच्या अडचणी पाहणाऱ्या आमच्या केंद्रात येणाऱ्या आईबाबांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "हुशार आहे हो, पण आळशी."

आळशी ठरवण्याआधी एवढं करा. वहीचं पान उलटा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं हाताला लागतात? म्हणजे मूल पेन्सिल फार दाबतंय. चौथ्या ओळीपर्यंत त्याची बोटं दुखायला लागत असणार, आणि ते त्याला सांगता येत नाही.

लिहिताना अक्षर आठवायचं, ते कुठून सुरू करायचं ते ठरवायचं, दुसऱ्या हाताने वही धरायची, ओळ सोडायची नाही आणि सांगायचं काय होतं तेही विसरायचं नाही. डोकं पुढे पळतं, हात मागे राहतो, म्हणून हुशार मुलाची चिडचिड जास्त. त्यात आपल्याकडे दप्तरात दुरेघी आणि चौरेघी दोन्ही वह्या. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी खालच्या रेघेवर बसतं. घ-ध, म-भ, य-थ यांच्यात तर शिरोरेषेतल्या फटीवरही लक्ष ठेवावं लागतं.

शुद्धलेखनाची पानं वाढवू नका. दुखऱ्या हाताने दहा पानं लिहून चुकीची पकडच पक्की होते. त्यापेक्षा कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, रांगोळीची चिमूट सोडू द्या. पेन्सिलीलाही अंगठा आणि तीच बोटं लागतात. पेन्सिल बोटभर तुकड्याची द्या, मुठीत धरताच येत नाही. पलंगावर लोळून लिहिणं बंद. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका, वही थोडी उजवीकडे कलती ठेवा, पुरे. आणि पाच वर्षांच्या मुलाला अजून त्रिकोण जमत नसेल तर जोडाक्षरांची घाई कशाला?

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर या. त्याआधी डोळे तपासून घ्या. सहा वर्षांच्या मुलावर आम्ही 'डिसग्राफिया'चा, म्हणजे लेखन-अक्षमतेचा, शिक्का मारत नाही. ही अडचण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 'विशिष्ट अध्ययन अक्षमते'त येते, पण रीतसर तपासणी साधारण तिसरीपासून. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रमाणपत्र सरकारमान्य रुग्णालयाचंच लागतं. आमचा अहवाल तिथे चालत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. 'एकवीस दिवसांत मोत्यासारखं अक्षर' असंही आमच्याकडे काही नाही.

पहिल्या भेटीला पाऊण तास लागतो. येताना जूनमधली एक वही आणि आत्ताची एक वही आणा. आईने शेजारी बसून पूर्ण करून घेतलेली नको. खाडाखोडीची, रबराने पान फाटलेली, तीच आणा.